घागरींमधून रिव्हर्स

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता नोकऱ्याच नोकऱ्या. माझ्या वाट्याला आला पाण्याचा टँकर, तोही दुष्काळ आहे तोवर. सगळा मुलूख पावसाची वाट बघायचा आणि मी एकटा ढग दिसला की धास्तावायचो. लाज वाटायची, पण काय करता?

मग एसटीत ड्रायव्हरची भरती निघाली. पुढच्या महिन्यात माझं वय उलटणार होतं, म्हणजे ही संधी गेली की गेलीच. ट्रायल घ्यायला व्यंकटराव साहेब शेजारी बसले. रिकामी बस त्यांनी नेमकी माझ्या रोजच्या खेपेच्या रस्त्यानं घ्यायला लावली. मी खूश झालो.

तेच नडलं. गाव दिसलं तसा हात सवयीनं हॉर्नवर गेला. दोन लांब, एक आखूड, ही टँकर आल्याची आमची खूण. मिनिटभरात बायका घागरी घेऊन धावल्या. गाडी कसली आहे हे कोण बघतो? आधी नंबर. टँकरचा नळ मागं असतो, म्हणून बसच्या मागं घागरींच्या दोन रांगा लागल्या, मधे जेमतेम बसपुरती वाट.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "रिव्हर्स राहिलाय ना? इथंच घ्या. एका घागरीला धक्का लागला तर नापास."

मी रिव्हर्स गिअर टाकला. तेवढ्यात रांगेत पहिली असलेली सरजाबाई खिडकीशी आली.

"पानी कुठाय रे देविदास?"

"आजी, ही एसटी हाय. माझी परीक्षा चालू हाय. पास झालो तर नोकरी लागते."

"आन् मंग टँकर कोन आननार?"

"येईल की दुसरा."

"तो येस्तोवर आमी काय प्यावं?" असं म्हणून म्हातारीनं आपली तांब्याची घागर नेऊन सरळ वाटेच्या मधोमध ठेवली.

साहेब तरातरा खाली उतरले. "ओ बाई, घागर उचला."

"तुमाला गाडी चालवता येती का, साहेब?"

"येते की. त्याचं काय?"

"मंग ह्याला न्या. नवा मानूस येस्तोवर ह्याला जमंना त्या दिशी टँकर तुमी आना. हाव म्हना, उचलते."

साहेबांनी घड्याळ बघितलं, जमलेल्या बायका बघितल्या आणि हाव म्हणाले. म्हातारीनं घागर उचलली. मी जीव मुठीत धरून बस मागं घेतली. एकाही घागरीला धक्का लागला नाही. मी पास झालो.

टँकरवर नवा माणूस यायला पंधरा दिवस लागले. मला सुट्टी असली की खेप मीच करायचो. बाकीच्या दिवसांचं साहेबांना विचारायचं मला धाडस झालं नाही. एकदा माझ्या एसटीत सरजाबाई चढली, तेव्हा हळूच विचारलं.

"साहेब आनत होता की," ती म्हणाली. "मानूस बरा हाय. पर रिव्हर्सला लई कच्चा. माझी घागर चेपली."