हातचे दोन

भूमेश्वरीला पाहायला आमगावहून सहा माणसं आली. मुलगा ओमेश्वर राईस मिलमध्ये सुपरवायझर होता. बोलायचं काम मात्र त्याच्या काकाकडे, नुकत्याच रिटायर झालेल्या दुलीचंद गुरुजींकडे होतं. रांधणं, शिवण सगळं विचारून झाल्यावर त्यांनी पाटी मागवली.

"बारावी झाली म्हणता. पाहू."

त्यांनी एकाखाली एक तीन आकडे लिहिले. ४७८, ३५६, २८९. भूमेश्वरीने दशकाच्या घरावर बारीक दोन मांडला आणि रेघेखाली ११२३ लिहिलं.

गुरुजी हसले. "चुकलं. अकराशे तेरा."

"नाही काकाजी. आठ अन् सहा चौदा, अन् नऊ तेवीस. हातचे दोन. तुम्ही एकच धरला."

ओमेश्वरने मोबाईल काढला, बटणं दाबली, उत्तर पाहिलं आणि मोबाईल परत खिशात ठेवला.

"छत्तीस साल शिकवला मी," गुरुजी म्हणाले.

भूमेश्वरीचा बाप बिसनलाल घाईघाईने उठला. "पुस ते. गुरुजी सांगून राहिले ना, तसा लिव."

"बाबा, तुमाले बी येते ना बेरीज."

त्याने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. पाटी खाली पडली, पण फुटली नाही.

"राहू द्या," गुरुजी शांतपणे म्हणाले. दाराशी धाकटी नीतू पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, एकोणीस वर्षांची. त्यांनी पाटी उचलून तिच्यापुढे धरली. "तू सांग बेटा, किती होते?"

नीतू तिसरीत नापास होता होता वाचली होती ती ताईमुळे. हातचा घ्यायला ताईनेच तिला शिकवलं होतं. नीतूने पाटीकडे पाहिलं. मग बापाकडे.

"अकराशे तेरा."

"ही समजदार आहे," गुरुजी म्हणाले.

पंधरा दिवसांत नीतूचं ओमेश्वरशी पक्कं झालं. भूमेश्वरीसाठी त्यानंतर दोन स्थळांचे निरोप आले. पोरगी उलट बोलते हे कळल्यावर दोन्हीकडचं कोणी फिरकलं नाही.

हळदीच्या दिवशी नीतूच्या अंगाला हळद लावायला भूमेश्वरीच बसली.

"ताई, मले भेव लागला होता," नीतू पुटपुटली.

"मालूम आहे मले."

आणि तिने नीतूच्या दंडावर हळद अशी रगडली की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या बायका म्हणाल्या, माहेर सुटून राहिला ना, म्हणून रडते बिचारी.