दाराआधीची खूण

"दार उघडतो मी," कोंडाजी म्हणाला आणि चटईवरचा पितळी नट त्याने बोटाने काडेपेटीपर्यंत सरकवला. "सांग पोरी, आत काय हाय?"

आत काय आहे ते मैत्रेयीला माहीत नव्हतं. काडेपेटी म्हणजे दार आणि नट म्हणजे कोंडाजी, एवढंच तिला आतापर्यंत कळलं होतं.

बाबा गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन गेल्या रविवारी झालं. आज दुपारी जेवणं उरकल्यावर ही तिघं बदलापूरच्या घरी आली, ती कोणी बोलावलं म्हणून नव्हे. रविवार होता म्हणून आली. जांभूळ गावचा कोंडाजी बाबांच्या कंपनीत फिटर, चांगुणा त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची आणि जितेशचं उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये मोबाईल दुरुस्तीचं दुकान. हा खेळ जितेशलाच परदेशी रद्दीच्या गठ्ठ्यात सापडला होता. एक जाड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. बाबांनी डिक्शनरी घेऊन ते पुस्तक पालथं घातलं, आणि अंबरनाथ एमआयडीसीत सेफ्टीचं काम बघणारे बाबा, म्हणजे भीमराव, दर रविवारी या तिघांना खेळातल्या जमिनीखालच्या भुयारात नेऊ लागले. पुढे काय दिसतंय ते बाबा सांगायचे, आपण काय करतो ते ही तिघं सांगायची आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. सापळे बाबांचे, राक्षसही बाबांचेच.

"चांगुणा खड्ड्यात पडता पडता वाचली," असं बाबा एकदा फोनवर म्हणाले होते. नाशिकच्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मैत्रेयीने घाबरून विचारलं होतं, "फार लागलं का हो त्यांना?" बाबा किती वेळ हसत होते.

"बाबांनी आतलं काही सांगितलं नव्हतं का तुम्हाला?" तिने विचारलं.

"काकांचं सगळं डोक्यात, ताई," जितेश म्हणाला. "तू बिनधास्त बोल ना, जो भी सुचेल. नाहीतर आपण लटकलोच ना दाराबाहेर."

"मला येत नाही हे."

"आम्हाला कुठे येत होतं?" चांगुणा म्हणाली. "मी तर पहिल्या दिवशी राक्षसाला चहा विचारला होता."

मैत्रेयीने काडेपेटीकडे पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना धोक्यापासून लांब ठेवलं, तो रविवारी बसून त्यांच्यासाठी धोके का रचत होता? तिला काही उलगडत नव्हतं.

"आत राक्षस आहे," ती घाईने म्हणाली. "मोठा. दार उघडल्याबरोबर त्याने झडप घातली."

जितेशने दिलेला फासा तिने टाकला. एकोणीस पडले.

"मेला?" तिने विचारलं.

"एवढे पडल्यावर कोणीही मरेल," जितेश हळूच म्हणाला.

तिने नट उचलून बिस्किटांच्या डब्यात टाकला. टण्णकन आवाज झाला. कोंडाजी नटाच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

"असा नाय मारायचे भीमरावदादा."

"असं म्हणजे?"

"आधी काय तरी कळायचा. वास यायचा. भिंत गरम लागायची."

"कंपनीत नव्या पोरांना सांगायचे ना," चांगुणा म्हणाली, "घसा खवखवला की तिथंच पळा, गॅस दिसायची वाट बघू नका. इथंही तेच. खूण दिली आणि आपल्याला कळली नाही, तर चूक आपली. पण खूणच दिली नाही तर तो सापळा नाही, दगा, असं म्हणायचे."

"मग बाबांना कुठे मिळाली खूण?" मैत्रेयीने विचारलं. तिचा आवाज चढला नाही. "शेअर रिक्षात बसले. कंपनीच्या गेटवर सगळे उतरले, ते उतरलेच नाहीत."

मग कोंडाजीने घसा साफ केला.

"मी बाजूलाच होतो. दादांचा डोका माझ्या खांद्यावर होता. मला वाटला, झोपलेत. हललो पन नाय, झोपमोड नको म्हणून." त्याने पंजाने तोंड पुसलं. "दादा खूण दिल्याबिगर जायचे नाय गो. मलाच नाय कळली. रोज तोच शोधतंय मी."

मैत्रेयीही तेच शोधत होती. तिने डब्यात हात घालून नट बाहेर काढला आणि काडेपेटीसमोर ठेवला.

"दार अजून बंद आहे," ती म्हणाली.

"असं चालतं?" जितेश म्हणाला. "काका मेलेल्याला कधीच परत नाही आणायचे."

"मला नियम माहीत नाहीत." तिची नजर उंबऱ्याकडे गेली. बाबांचे कंपनीचे बूट अजून तिथेच होते, ते कोणी हलवले नव्हते. "दाराबाहेर बूट आहेत. कोणीतरी काढून जोडीने ठेवलेत. नाड्या आत खोचल्यात."

"वास?" चांगुणाने विचारलं.

"नाही."

"आवाज?"

"आतून काहीच आवाज नाही."

कोंडाजीने फासा मुठीत धरला, पण टाकला नाही.

"नाय उघडत मी," शेवटी तो म्हणाला. "हितंच बसतो."

चांगुणाने आपल्या सोंगटीचा वॉशर नटाशेजारी सरकवला. जितेशने आपला स्क्रू.

"मग आता काय होतं?" त्याने विचारलं.

"काही नाही. बसलात."

मग चांगुणा गुडघ्यावर हात टेकत उठली आणि चहाचं बघायला आत गेली. "अगं, काडेपेटी कुठंय?" तिने आतून विचारलं.

मैत्रेयी उठली, चटईवरच्या काडेपेटीकडे वाकली आणि तिला हात न लावता तशीच सरळ झाली. पायात चप्पल सरकवून ती शेजारच्या इंदुबाईंकडे काडेपेटी मागायला गेली.