चिंबोरीला आवतण

घणसोली गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी वेणूबाईंना विचारायचं आणि मग मांडववाल्याला. वेणूबाई गावच्या धवलारीण. मांडवात बसून लग्नाचे धवले गायचे, गावदेवीला, खाडीला, गेलेल्या वाडवडलांना नावानं हाक मारून लग्नाला बोलवायचं, हे त्यांचं काम. सत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत. म्हणून गावातल्याच हौसेरावांनी नातवाच्या, तेजसच्या हळदीसाठी शुक्रवार धरला तेव्हा पहिला होकार वेणूबाईंचा घेतला.

आणि मग 'आकाशगड' पिक्चरच्या शेवटच्या भागाची तारीख पुढे गेली. गेली ती नेमकी त्याच शुक्रवारावर.

"आता गं?" वेणूबाईंची जुनी मैत्रीण मालतीबाई म्हणाल्या. त्यांनी सीवूड्सच्या मॉलमधली दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढून ठेवली होती. शनिवारी लग्न आणि रविवारी सकाळी त्यांची लेक उन्नती त्यांना नागपूरला घेऊन जाणार होती, कायमची. म्हणजे शुक्रवार गेला की गेलाच.

"तू बघून ये," वेणूबाई म्हणाल्या.

"एकटीनं? डोकं फिरलंय का तुझं?"

'आकाशगड' त्या दोघींनी कधी एकएकटीनं पाहिलाच नव्हता. पहिला भाग आला तेव्हा मालतीबाई खेडहून नव्यानंच येऊन वेणूबाईंच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिल्या होत्या. वेणूबाईंचे यजमान सिताराम मिठागरावर कामाला. ठाण्याला त्यांनी जाहिरात पाहिली, आभाळात तरंगणारा किल्ला. पौराणिक पिक्चर असणार, असं समजून ते दोघींना घेऊन गेले. आत सगळं इंग्रजी. देव कुठे दिसेनात, तसे सिताराम घोरायला लागले. मालतीबाईंना चार इंग्रजी शब्द येत होते. त्या कानात अर्थ सांगत गेल्या. पडद्यावर एक गोल लोखंडी यंत्र दोन नांग्या उगारून तिरकं तिरकं चालत आलं आणि वेणूबाई ओरडल्या, "अगो, ही तं आपली चिंबोरी!" अख्खं थेटर हसलं. पण खाडीवर जन्म काढलेल्या बाईला खेकडा ओळखता येणार नाही तर कुणाला? ते नाव पुढे गावभर झालं.

दुसरा भाग गौरी-गणपती गेल्यावर व्हीसीआर भाड्यानं आणून ओट्यावर पाहिला. तिसरा वाशीला आला तो हिंदीत. तेव्हा कळलं, मालतीबाईंनी ज्याला सावकार म्हणून सांगितलं होतं तो किल्ल्याच्या कप्तानीणबाईचा सख्खा भाऊ होता! "फेकत होतीस व्हय गो इतकी वर्षं?" असं म्हणून वेणूबाई मध्यंतरभर हसत राहिल्या. सिताराम गेल्यानंतरचं ते त्यांचं पहिलं हसणं. चौथ्याला डोळ्यांवर काळे चष्मे दिले, आणि अंगावर येणारा दगड चुकवताना वेणूबाईंचा समोसा पुढच्या रांगेत पडला. पाचव्याच्या शेवटी मात्र चिंबोरी कप्तानीणबाईला वाचवताना जळत्या सूर्यात पडली. मेली की जगली, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. तेव्हापासून दोघींच्या जिवाला तोच घोर.

शुक्रवारी सकाळी मांडवात उंबराची फांदी बांधली. तेजसला पाटावर बसवून पहिली हळद लावली. आता लग्न लागेपर्यंत त्यानं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्याचाही जीव पिक्चरमध्ये अडकला होता, पण नवरदेवाचं कोण ऐकतो?

वेणूबाई धवल्याला बसल्या. गावदेवीला बोलावलं, कार्ल्याच्या आईला बोलावलं, खाडीला, शेताच्या बांधाला, सितारामांना बोलावलं. समोर मालतीबाई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून पुन्हा पुन्हा बघत होत्या. वेणूबाईंची नजर तिकडे गेली, सूर तसाच राहिला आणि तोंडून निघालं,

"आभाळगडची चिंबोरी बाय, ये गो मांडवाला..."

मागे धवला झेलणाऱ्या बायकांनी तेच नाव झेललं आणि मग सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

हौसेराव खुर्चीतून उठले. त्यांच्या भावकीचा नेम कडक होता. धवल्यात ज्याचं नाव निघालं, त्याला हळद-सुपारी घेऊन आणायला माणूस गेलाच पाहिजे, आणि बोलावलेले सगळे आल्याशिवाय पुढचा धवला नाही. मागे एकदा वेणूबाईंच्या तोंडून हौसेरावांच्या नावडे गावातल्या चुलतभावाचं नाव गेलं होतं. भांडण इतकं जुनं, की कशावरून ते दोघांनाही आठवत नव्हतं. तरी हौसेराव स्वतः सुपारी घेऊन नावड्याला गेले होते. तोच भाऊ आज मांडवात भजी खात बसला होता.

"वयनी, कोनाचा नाव घेतलास?"

"गेला तोंडातून, भावजी."

"गेला ना? मंग आनायला जायाला लागंल. ऱ्हाते कुठं ती?"

पाटावरून तेजस ओरडला, "सीवूड्सला, आजोबा! तिसऱ्या मजल्यावर!" मग त्याचा चेहरा पडला. "आजी, शेवट सांगायचा नाय हां. शपथ आहे तुला."

"शिवा, गारी काढ," हौसेराव पुतण्याला म्हणाले. "ज्यांनी बोलवला त्यांनीच आनावा. आन सोबतीला मालतीबाईंना घे. एकटी बाई आवतन घेऊन जात नाय."

गाडी पामबीच रस्त्याला लागल्यावर मालतीबाईंनी हळूच विचारलं, "वेणू, खरंच जीभ घसरली का गं?"

"शिवा, एसी कमी कर रे बाला," वेणूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

थेटरच्या दारात रखवालदार पोरीनं हळद-सुपारीची पिशवी तपासली. "मावशी, बाहेरचं खायचं आत चालत नाही."

"खायाचा नाय गो. आवतन हाय."

पोरीनं दोघींच्या कपाळावरची हळद पाहिली आणि सोडलं.

पिक्चर हिंदीत होता, तरी मालतीबाई कानात अर्थ सांगत होत्या.

"कळतं गो मला."

"माहितेय. सवय झालीय."

वेणूबाईंनी मग अडवलं नाही. कान आणखी जवळ नेला. अर्धा पिक्चर झाला, पाऊण झाला, चिंबोरीचा पत्ता नाही. कप्तानीणबाई म्हातारी झाली होती, राखेच्या ढिगावर एकटीच बसली होती. ती उठून निघाली, आणि मागे राख हलली. आधी एक नांगी वर आली. दुसरी तुटली होती. तरी ती तिरकं तिरकं चालत कप्तानीणबाईच्या मागे निघाली.

मालतीबाईंनी वेणूबाईंचा हात असा दाबला की सुपारी तळव्यात रुतली. वेणूबाईंनी ती पडद्याकडे धरली. "चल गो बाय. मांडवात वाट बघतान."

परतल्या तेव्हा मांडवात पाट मांडून ठेवला होता. आलेल्या पाहुण्याची सुपारी पाटावर ठेवायची, न आलेल्याची तुळशीपाशी.

"आयली का?" हौसेरावांनी विचारलं.

"आजोबा, नको!" तेजसनं कानांत बोटं घातली, डोळे मिटले. हळद सगळी कानशिलांना फासली गेली.

वेणूबाईंनी सुपारी पाटावर ठेवली आणि तेजसला दिसू नये म्हणून वर टोपली पालथी घातली. बायकांना कळायचं ते कळलं, मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. "टाळ्या कोणी वाजवल्या? ऐकू आल्या मला!" तेजस कळवळला.

वेणूबाईंनी पुढचा धवला धरला. राहिलेले देव बोलावले, राहिलेले सोयरे बोलावले आणि शेवटी सूर आणखी उंच गेला,

"नागपूरची मालती बाय, ये गो मांडवाला..."

"अगं, मी इथेच बसलेय!" मालतीबाई म्हणाल्या.

"आज हाव इथं," हौसेराव गंभीरपणे म्हणाले. "परवा नाय. नाव निघाला, आता वयनीला नागपूरला जायालाच लागंल."

"जाईन की," वेणूबाई म्हणाल्या. "मालती, तिकडं थेटर बरा हाय ना गो?"