तिच्या नावाची मिस्सा

“मालकानंच दार सताड उघडं ठेवलंय, तर मध्ये किल्लीवाला हवाच कशाला?” हातातली नवी किल्ली कानशीने घासत किल्लीवाल्याने विचारलं.

“मग करा की दुकान बंद!” बायकोने जेवणाचा डबा त्याच्यापुढे आदळला. “येशूने स्वर्गाच्या किल्ल्या आपल्या शिष्याला, पेत्राला दिल्या, त्याच्यामागून पोपकडे आल्या. त्या काय शोभेला?”

किल्ली घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हसू दाबत उभं राहिलं.

हे रोजचंच होतं. तो प्रॉटेस्टंट, ती कॅथलिक. रविवारी दोघं नटूनथटून एकत्र निघत. कोपऱ्यावर ती डावीकडे वळे, तो उजवीकडे. दुपारी जेवताना पुन्हा जुंपायची. तो म्हणे, आत्म्याचं तारण नुसत्या विश्वासाने, देवाच्या कृपेने. बायबलचं शास्त्र हातात असताना ते सांगायला पोप कशाला?

“शास्त्र सगळेच वाचतात आणि मग जो तो आपलं वेगळं चर्च काढतो,” ती म्हणे. “घरात कुणी वडीलधारं नको का?”

“आहे की. तू!”

मग ती हसायची आणि भांडण तिथेच मिटायचं.

पुढे ती आजारी पडली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्याने तिची खाट खिडकीशी ओढली आणि दुपारी दुकान उघडणं सोडून दिलं. एकदा तो तिला सूप भरवत असताना तिने विचारलं, “अहो, मी गेल्यावर आमच्या चर्चमध्ये माझ्या नावाने मिस्सा सांगाल, माझ्या आत्म्यासाठी?”

“नाही.”

“एवढंही नाही?”

“अगं, गेलेल्यांसाठी प्रार्थना कशाला? तू डोळे मिटलेस की थेट देवापाशी. मध्ये मुक्काम नाही.”

“आणि स्वर्गाआधीचं शुद्धिस्थान?”

“तुझ्यात शुद्ध करण्यासारखं काय आहे?”

ती खोकला येईपर्यंत हसली. “जन्मभर माझ्या आमटीत मीठ जास्त, माझं तोंड तिखट, आणि आता एकदम संत?”

“संत नाही गं. कृपा.”

“मला नाही हो तुमच्याइतकी खात्री,” ती हळूच म्हणाली. “थोडी भीती वाटते.”

त्याच्या जिभेवर चार वचनं तयार होती. ती त्याने गिळली आणि तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

“बघा, आज उत्तर नाही!” तिचा चेहरा खुलला.

थोड्याच दिवसांत ती गेली.

पुढच्या आठवड्यात तो तिच्या चर्चच्या फादरांसमोर उभा राहिला. “मिस्सा सांगायची होती. बायकोच्या नावाने.”

फादर त्याला ऐकून ओळखत होते. “पण तुमचा यावर विश्वास नाही ना?”

“मुळीच नाही. ती पोचलीय, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.”

“मग?”

“तिला होती ना.” त्याने घसा खाकरला. “आणि मला पटवायला जाऊ नका. मी बदलायला आलेलो नाही.”

“बरं. चहा घेणार?”

“घेईन. पण पोपबद्दल दोन शब्द बोलेन, चालेल?”

“दोनच?”

दोघांचे कप निवून गेले, तरी वाद संपेना. शेवटी घंटा वाजली म्हणून फादरांना उठावं लागलं.

मिस्सेला तो शेवटच्या बाकावर बसला. सगळे गुडघ्यांवर गेले. तो ताठ बसून राहिला. फादरांनी तिचं नाव घेतलं. त्याच्या चर्चमध्ये आतून आलं की आमेन म्हणायचं, आणि पोटातून म्हणायचं. इथे प्रार्थना संपल्यावर सगळे एकदम, हलक्या आवाजात म्हणत. त्याला ते ठाऊक नव्हतं.

“आमेन!” तो एकटाच दणदणीत आवाजात म्हणाला.

पुढचे बाक वळून पाहू लागले. कुणीतरी खुदकन हसलं. त्याने मान खाली घातली नाही.

फादरांनी मान वर करून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. मग त्यांनी तिचं नाव पुन्हा घेतलं, या वेळी जरा सावकाश.