बोटं वेगळी दिसली पाहिजेत

शर्टांच्या कारखान्यात काजं करणाऱ्या बाईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या थोरल्या बहिणीलाही नाही. दोघींचं बोलणं हातांनी चालायचं. थोरली लग्न होऊन दूर गेली, नवरा वारल्यावरही तिथेच राहिली, तेव्हापासून ते फोनच्या पडद्यावर चालायचं, रोज कामावरून आल्यावर तासभर.

गेले काही महिने थोरलीचे हात पडद्यावर नुसते फराटे दिसत. निम्मं कळायचं, निम्मं अंदाजानं. तिचा फोन जुना होता, म्हणून धाकटीनं तिला नवा घेऊन पाठवायचं ठरवलं. थोरलीनं नको म्हटलं, आहे तो बरा आहे म्हटलं. पण आई कुणाचंच ऐकत नाही, असं धाकटीची लेक म्हणायची, आणि त्यावर सगळ्यात जास्त आईच हसायची.

रविवारी मायलेकी दुकानात गेल्या. विक्रेता लेकीशी बोलत होता. मागचा कॅमेरा किती भारी, आवाज किती मोठा, गेम कसे झरझर चालतात, सगळं त्यानं सांगितलं. लेकीनं ते हातांनी आईला सांगितलं. आईनं मान हलवली आणि एक फोन उचलून दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात नेला, जिथे दिवा बंद होता. पुढचा कॅमेरा लावून तिनं स्वतःचाच व्हिडिओ काढला, भराभर हात हलवत. पाहिला आणि फोन परत ठेवला.

"काकूंना नक्की काय हवंय?" विक्रेत्यानं विचारलं.

"बोटं वेगळी दिसली पाहिजेत," लेक म्हणाली. "आणि भुवया."

दुसऱ्या फोननं चेहरा गुळगुळीत करून टाकला. भुवई उचलली की प्रश्न होतो, नाही तर ते साधं वाक्य. त्या फोनवर सगळी साधी वाक्यंच झाली. विक्रेत्यानं ती सोय बंद करून दाखवली, पण बोटं तरीही एकमेकांत मिसळत होती. आता तोही इरेला पेटला. गोदामातून त्यानं गेल्या वर्षीचा, जाडजूड, कुणी न घेतलेला फोन आणला. त्यात अंधारातही पाची बोटं सुटी दिसली. टेबलावर ठेवून वाजवला तेव्हा हाताखालचं लाकूड थरथरलं. तो सगळ्यांत स्वस्त होता. बाईनं तोच घेतला.

पार्सल पोचल्यावर दोन दिवस थोरलीनं फोन लावलाच नाही. तिसऱ्या दिवशी लावला. चित्र स्वच्छ होतं. थोरलीच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. सांधे सुजून सुपारीएवढे झाले होते, आणि एकेक खूण करायला ती थांबत होती. जुना फोन खराब होताच, पण त्याच्याआड हेही होतं.

धाकटीनं विचारलं, "कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले."

"मला सांगितलं का नाहीस?"

थोरली म्हणाली, "हात गेले तर तुझ्याशी बोलू कशानं?"

धाकटीनं कारखान्यातून चार दिवसांची रजा काढली, बहिणीच्या गावी गेली आणि तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं की औषधानं सूज उतरेल, पण ती दोन बोटं पुन्हा पूर्ण वाकणार नाहीत.

उरलेले दोन दिवस बहिणी समोरासमोर बसून राहिल्या. ज्या शब्दांना ती दोन बोटं लागत, त्यांच्या नव्या खुणा त्या ठरवत होत्या. 'उद्या'साठी मनगट, 'राग'साठी कोपर. 'लेक' या शब्दावर दोघींचं बिनसलं. थोरलीला जुनी खूण सोडायची नव्हती. शेवटी ती डाव्या हातानं करायचं ठरलं, आणि धाकटीनंही तेव्हापासून ती डाव्या हातानंच केली.