लिस्बनच्या रेडिओवरचा यमन

गाणं म्हणजे ख्याल आणि बाकी सगळा गोंगाट, हे मत वीणाताईंनी वीस वर्षं चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्यातल्या शिष्यांच्या गळी उतरवलं होतं. मग मुलाने, प्रतीकने, त्यांच्या फोनवर जगभरातली रेडिओ स्टेशनं लावून दिली आणि बाई पार बिघडल्या. भाजी चिरताना जॉर्जियातल्या पुरुषांचं समूहगान, कपडे घडी घालताना मालीतली तंतुवाद्यं. शब्द एक कळत नसे, पण कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भानही राहत नसे.

त्या दुपारी लिस्बनच्या एका छोट्या स्टेशनवर अचानक यमन सुरू झाला.

"भर दुपारी दोनला संध्याकाळचा यमन? काही रीतभात आहे की नाही या लोकांना!" त्या करवादल्या. आणि मग हातातलं लाटणं तसंच राहिलं. बंदिश त्यांची होती. त्यांनी स्वतः बांधलेली, कुठेही न छापलेली. गाणारा पुरुष होता, आवाज भरदार. कोण हा चोर? त्यांनी मनातल्या मनात सगळे शिष्य तपासले.

गाणं संपल्यावर निवेदिकेने इंग्रजीत नाव सांगितलं. प्रतीक, चंदीगड.

वीणाताईंनी फोनचा आवाज वाढवला. त्यांचा प्रतीक जवळच्याच डेराबस्सी गावातल्या औषध कारखान्यात नोकरी करत होता. घरात तो साधं गुणगुणतही नसे. पण आता फोनमधून बोलत होता तो त्याचाच आवाज.

"गुरू माझी आई," तो निवेदिकेला सांगत होता. "चौदाव्या वर्षी माझा आवाज फुटला, तेव्हा तिने गाणं थांबवलं. मी सांगेन तेव्हा सुरू कर, म्हणाली. अजून सांगितलेलं नाही. म्हणून घरी गात नाही, बाहेर गाऊन रेकॉर्ड करतो."

वीणाताई ओट्याला टेकून खालीच बसल्या. आवाज फुटला की त्या प्रत्येक मुलाला थांबवत, आणि तो स्थिरावला की आठवणीने निरोप धाडून बोलावून घेत. हा तर घरातच होता. त्याला कुठून बोलवायचं? दहा वर्षं! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याचा रागही आला. गाढवाने एकदा विचारायचं तरी!

संध्याकाळी प्रतीक बूट काढेपर्यंतही त्यांना दम निघेना.

"प्रतीक, गा. आत्ता गा."

त्याने तिच्या हातातल्या फोनवरचं लिस्बनचं स्टेशन पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो तानपुऱ्यापाशी बसला. तारा छेडल्या, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. दुसऱ्यांदाही नाही.

"मम्मी, आपके सामने नहीं निकलती," तो त्याच्या सवयीच्या हिंदीत कसाबसा म्हणाला.

हे ऐकून त्या दुपारच्यापेक्षाही जास्त हादरल्या. उठल्या, चपला घातल्या, बाहेरून दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभ्या राहिल्या.

समोरची जसबीर दार उघडून म्हणाली, "वीणा जी, बाहर कैसे? चाबी अंदर रह गई?"

"माझा मुलगा गाणार आहे," वीणाताई तिला चक्क मराठीत म्हणाल्या, आणि गप्प राहा म्हणून तोंडावर बोट ठेवलं.