आधी मत, मग गोष्ट

ल्युबाचा नियम होता : आधी मत, मग गोष्ट.

"रडवलं, पण फुकट रडवलं," असं ती समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून ओरडून सांगायची, आणि खाली रस्त्यावर मायदेलिस लेकीला कडेवर घेऊन मान वर करून उभी असायची. मत सांगून झालं की मगच दोरीला बांधलेली टोपली खाली यायची. टोपलीत पेन ड्राइव्ह, त्याच्यासोबत कधी दोन लिंबं, कधी ल्युबाच्या लेकीला, केइलाला, आखूड झालेला फ्रॉक.

मोरोन शहरात वीज पाळीपाळीने येई. रस्त्याच्या अलीकडच्या इमारती दुसऱ्या गटात, पलीकडच्या चौथ्या गटात. एकीच्या घरचा पंखा फिरू लागला की दुसरीचा थांबलेला. पेन ड्राइव्ह दोघींत एकच होता, सोळा जीबीचा. दर सोमवारी कोपऱ्यावरच्या कॉपीवाल्याकडे मालिका-सिनेमांच्या फाइलींचा आठवड्याचा गठ्ठा यायचा, त्यातून मालिकेचे दोन भाग आणि एखादा सिनेमा भरून आणायचा. जिच्याकडे वीज तिने आधी बघायचं, आणि वीज गेली की रस्ता ओलांडून मत आणि पेन ड्राइव्ह दोन्ही पोचवायचं. दोघींनी बघून झाल्याशिवाय पुढचे भाग भरायचे नाहीत, हा दुसरा नियम.

"ए पोरींनो, शेवट सांगू नका," तळमजल्यावरच्या एनेइदा काकू खिडकीतून म्हणायच्या. "मी अजून चाळिसाव्या भागात आहे."

"काकू, तुम्ही गेल्या वर्षीही चाळिसाव्यातच होतात," ल्युबा वरून म्हणायची.

मायदेलिसचा नवरा रेनिएर बेटावरच्या हॉटेलात स्वयंपाकी. वीस दिवस तिकडे, दहा दिवस घरी. ते वीस दिवस मायदेलिस एकटी अमायाच्या छातीला कान लावून बसायची. पोर तीन वर्षांची आणि जन्मापासून दम्याची. मायदेलिसने विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती, चार वर्षं नगर वाचनालयात कामही केलं होतं. आता तिच्या हातात एक वही असायची आणि त्यात लेकीच्या श्वासांचे आकडे. मिनिटाला चाळीसच्या वर गेले की ती चप्पल न घालता रस्ता ओलांडायची. ल्युबा दार उघडायच्या आधीच पाण्याचं आधण ठेवायची, आणि अमाया वाफ घेत असताना मायदेलिसला मालिकेतलं काहीतरी विचारायची. "त्या नेर्मिनबाईने पत्र लपवलं ते चूक का बरोबर, सांग." मायदेलिसला राग यायचा, पण ती उत्तर द्यायची, आणि उत्तर देता देता श्वास मोजायचं विसरायची.

तो सिनेमा फेब्रुवारीत आला. ल्युबा नखं रंगवायचं काम घरीच करायची. तिच्या त्या छोट्या टेबलाशी मायदेलिस हात पुढे करून बसली होती. दोन्ही पोरी पलंगाखाली बाहुल्यांचा दवाखाना चालवत होत्या.

"आधी मत," ल्युबा म्हणाली.

"नालायक बाई."

"कोण, दिग्दर्शक?"

"मोठी बहीण गं."

सिनेमात दोन बहिणी एका बंदरगावात पावाची भट्टी चालवत असतात. एका सकाळी मोठी म्हणते, यीस्ट संपलंय, आणते, आणि होडीत बसून कायमची निघून जाते. धाकटी कणीक मळत राहते. कणीक फुगत नाही.

"सांगून गेली असती तर जाता आलं नसतं तिला," ल्युबा नखावर कानस चालवत म्हणाली.

"मग जायचं नव्हतं. समोर बसून कॉफी पितेस, हसतेस, आणि मनात बॅग भरलेली? अशा बाईने कधी कुणाला जीव लावलेलाच नसतो, लिहून घे माझ्याकडून. धाकटीने काय केलं असतं, रडली असती. तेवढा तरी हक्क होता की नाही तिला? मी असते तर पुन्हा तोंड बघितलं नसतं तिचं. फोटो भिंतीकडे फिरवून ठेवला असता."

ल्युबाची कानस क्षणभर थांबली. "बोट हलवू नकोस," ती म्हणाली.

मायदेलिस एवढी का तापली ते दोघींनाही माहीत होतं. तिचा भाऊ असाच न सांगता देश सोडून गेला होता. आई ताटावर ताट झाकून चार वाजेपर्यंत बसून राहिली, आणि फोन आला तो गयानातून. मोरोनमधून कुणीच सांगून जात नसे. विमान हवेत चढेपर्यंत तोंड उघडायचं नाही, उघडलं की काहीतरी आडवं येतं, ही सगळ्यांचीच समजूत. मागच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने निरोपाचं डुक्कर भाजलं, गल्लीला जेवू घातलं, आणि तिसऱ्या दिवशी सगळे विमानतळावरून बॅगांसकट परत आले. त्या घरातला बाप अजूनही मान खाली घालून चालतो.

घरी जाऊन मायदेलिसने तो सिनेमा पुसून टाकला. जागा अडवत होता.

मार्चमध्ये ल्युबाने तिला प्रेशर कुकरची रिंग दिली. मायदेलिसच्या कुकरची रिंग कधीचीच चिरलेली. ती त्यावर कापड गुंडाळून काळे घेवडे शिजवायची आणि अर्धी वाफ स्वयंपाकघरात सोडायची.

"आणि तुला?"

"माझ्याकडे जास्तीची आहे."

जास्तीची रिंग अख्ख्या मोरोनमध्ये कुणाकडे नव्हती. मायदेलिसने ती घेतली आणि मनात कुठेतरी नोंद केली. पुढच्या आठवड्यात टोपलीतून दम्याचे दोन पंप आले. एक पंप मिळवायला माणसं प्रांत ओलांडून जात होती. "एका गिऱ्हाइकाने आणून दिले," ल्युबा वरून म्हणाली. "ठेव. काय लाजतेस?" मायदेलिसने पंपांवरची तारीख बघितली. दोन वर्षं पुढची. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्या खाली काहीतरी टोचत राहिलं.

ते काय होतं, ते मंगळवारी समजलं. पेन ड्राइव्हवर अडुसष्टाव्या भागापर्यंतच मालिका होती. अडुसष्टाव्यात नेर्मिनबाई न्यायाधीशाच्या घरात अजून राणीसारखी बसलेली, पत्र अजून तिच्या पेटीत.

ल्युबा कठड्यावर कोपरं टेकून म्हणाली, "मत सांगू? नेर्मिनची दया आली मला. एवढी शिक्षा नको होती."

"कसली शिक्षा?"

ल्युबाने टोपली सोडायला घेतली. दोरी दोनदा अडकली.

"तू पुढचं बघितलंस," मायदेलिस खालून म्हणाली. "माझ्याशिवाय."

"एक गिऱ्हाईक बोलत होतं."

"गिऱ्हाईक," मायदेलिस म्हणाली आणि टोपलीतून पेन ड्राइव्ह घेऊन, वर न बघता, रस्ता ओलांडून गेली. तिला खरंच राग आला होता. पाच वर्षांत ल्युबाने हा नियम मोडला नव्हता. ती स्वतः न्यूमोनियाने पडली होती तेव्हासुद्धा नाही. नव्वद भागांची मालिका, दर सोमवारी दोन, जूनच्या आधी संपत नाही, आणि घाई कसली आहे हिला?

पंपाचं तोंड नळाखाली धुता धुता तिच्याच प्रश्नाचं उत्तर तिच्या हातात आलं. जून. ज्या माणसाला जूनपर्यंत थांबायचं नाही, तोच मालिका अशी पळवतो. रिंग. दोन पंप, दोन वर्षं पुढची तारीख. केइलाचे नवे बूट, जे ल्युबाने महिनाभर घालू न देता कपाटावर तसेच ठेवलेत. मायदेलिसने नळ बंद केला. पाणी तसंही थांबलेलंच होतं.

आणि मग तिला फेब्रुवारीतलं ते टेबल आठवलं, कानस आठवली. नालायक बाई. कधी कुणाला जीव लावलेलाच नसतो. हे आपण कुणाच्या तोंडावर बोललो, ते तिला आज कळलं. तेव्हा ल्युबा कदाचित सांगणारच होती. "सांगून गेली असती तर" हे तिने उगाच म्हटलं नसेल.

सरळ जाऊन विचारणं शक्य नव्हतं. जाणाऱ्याने बोलायचं नाही तसंच ओळखणाऱ्यानेही बोलायचं नाही. मायदेलिस शिकलेली होती, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, पण ल्युबाच्या आणि केइलाच्या जाण्यावर आपल्या जिभेची सावली पडावी एवढी हिंमत तिच्यात नव्हती. एकच वाट उरली होती. मत मागे घ्यायचं. मत बदललं तर ल्युबाचं तोंड उघडेल. तिने स्वतःहून सांगावं, एवढंच मायदेलिसला हवं होतं. रडायला एक दुपार मिळावी, दोघींना मिळून.

दुसऱ्या दिवशी ती कॉपीवाल्याकडे गेली. "फेब्रुवारीतला सिनेमा? बाई, तो तर आंबला," तो म्हणाला, पण शोधून दिला. सकाळी नऊला वीज आली. कपडे धुवायचे होते, घेवडे शिजवायचे होते, पाणी भरायचं होतं. तिने सिनेमा लावला.

मोठी बहीण दाराबाहेर पडते तिथे मायदेलिस मागच्या वेळी उठून दूध बघायला गेली होती. ते दृश्य तिने बघितलंच नव्हतं. मोठी बहीण परत येते. चपला हातात घेऊन, दबक्या पावलांनी. धाकटीच्या मागे उभी राहून तिच्या ॲप्रनची सुटलेली नाडी बांधते. बोलायला तोंड उघडते. आणि धाकटी मागे न बघता म्हणते, "दार लाव गं, वारं येतंय, कणीक बसेल."

ती दार लावते. बाहेरून.

मायदेलिसने तेवढाच तुकडा तीनदा बघितला. चौथ्यांदा बघण्याआधी वीज गेली.

दुपारी ती अमायाला घेऊन समोर गेली. ल्युबाने दार उघडलं. घर नेहमीसारखंच होतं, फक्त जरा जास्त आवरलेलं.

"ये. बस. हात दे."

"आज मत द्यायला आलेय," मायदेलिस पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवून बसत म्हणाली. "तो भट्टीचा सिनेमा पुन्हा बघितला."

"वीज उतू चाललीय की काय तुझ्याकडे?"

"ऐक तर. माझं चुकलं होतं. ती परत येते गं, मोठी. नाडी बांधते. मी ते बघितलंच नव्हतं, दुधापाशी होते. तिला सांगायचं असतं. धाकटीच बोलू देत नाही तिला." मायदेलिस बोलत राहिली. "मला वाटतं, धाकटीला राग आला नसता. दोन दिवस रडली असती, मग भट्टी पेटवली असती. तिला सांगितलं असतं तरी चाललं असतं. आत्ता, आयत्या वेळी सांगितलं असतं, तरीही."

ल्युबा तिचं बोट धरून बसली होती. लाल रंगाचा ब्रश बाटलीच्या तोंडावर थांबलेला. पलंगाखालून केइला कुणाला तरी इंजेक्शन देत होती आणि अमाया खोटंखोटं रडत होती.

मायदेलिस वाट बघत राहिली. लेकीचे श्वास मोजावेत तशी ती मनातल्या मनात मोजू लागली. तिसाला ल्युबाने मान वर केली. डोळे भरलेले होते. ओठ उघडले.

तेवढ्यात खालून एनेइदा काकूंनी हाक मारली, "ल्युबा, वीज आली का गं तुझ्याकडे?"

"नाही काकू," ल्युबा म्हणाली. मग तिने ब्रश नखावर टेकवला आणि सरळ रेघ ओढली. "तुझं पहिलंच मत बरोबर होतं, मायदे. अशा बाईला माफी नसते. फिरवू नकोस ते."

"ल्युबा."

"हात हलवू नकोस. रंग जाईल."

दहाही नखं रंगवून झाली. निघताना ल्युबाने अमायाला उचलून तिच्या छातीला कान लावला, बराच वेळ. "स्वच्छ आहे," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिसऱ्या मजल्याची बाल्कनी बंद होती. मायदेलिसने खालून हाक मारली नाही. एनेइदा काकू बाहेर आल्या, त्यांच्या हातात ती टोपली होती, दोरी नीट गुंडाळलेली.

"तुझ्यासाठी ठेवलीय. आज पहाटेच…" काकूंनी पुढचं गिळलं. "मला पण काही बोलली नाही हो ती."

टोपलीत पेन ड्राइव्ह होता. वीज यायला अकरा वाजले. एकोणसत्तर ते नव्वद, मालिकेचे सगळे भाग होते. त्यांना जागा व्हावी म्हणून भट्टीचा सिनेमा पुसलेला होता. मायदेलिसने एकेक भाग उघडून बघितला. न जाणो, एखादा नावापुरता भाग असेल आणि आत ल्युबाचा चेहरा असेल, एखादं पत्र असेल. ग्रंथालयात हरवलेलं पुस्तक शोधावं तसं तिने सुरुवात बघितली, मध्य बघितला, शेवट बघितला. बावीसही भाग खरे होते. शेवट बघू नये म्हणून डोळे मिटायचंही तिला सुचलं नाही.

नऊ दिवसांनी आवाजी निरोप आला, ब्राझीलच्या नंबरावरून. अकरा सेकंदांचा. मागे गाड्यांचा आवाज, आणि केइला काहीतरी मागत होती.

"मायदे. आधी मत." मग नुसता श्वास. "वाईट. फार वाईट. गोष्ट मग सांगते."

मायदेलिसने तो कितीदा ऐकला याची वहीत नोंद नाही. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर ल्युबाच्या एका चुलतमावशीने कपडे वाळत घातले होते. मायदेलिसच्या चुलीवर कुकर होता, शिट्टी नीट, भरदार येत होती, वाफ कुठूनही सुटत नव्हती. तिने फोन तोंडाजवळ धरला आणि बटण दाबलं. नियमाने आधी मत द्यायला हवं होतं. फेब्रुवारीतलं होतं, मार्चमधलं होतं. त्यातलं कुठलंच आता तिच्या तोंडातून निघेना.

"रिंग बसली गं," ती म्हणाली. "बरोबर बसली."

आणि बोट उचललं.